मात्रा : एका शब्दाची आणि एका शाळेची

(हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने काय बोलावे, याचा एक साचा ठरून गेलेला आहे. संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, पहिल्या वर्गाच्या जागेची आठवण काढावी, निकालांची टक्केवारी सांगावी आणि भावी संकल्प जाहीर करावेत. हे सर्व कार्यवाहांच्या अहवालात आलेले आहे आणि ते माझ्यापेक्षा अधिक नेमकेपणाने आलेले आहे. मी मूळची मराठीची शिक्षिका. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले तरी हातातला खडू अजून सुटलेला नाही. म्हणून आज आपली अनुमती गृहीत धरून मी एक तास घेणार आहे, आणि तोही एकाच शब्दाचा. शब्द आहे ‘मात्रा’.

हाच शब्द का, हे सांगण्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. समारंभात चुका सांगण्याची रीत नाही. परंतु साठ वर्षांच्या हिशोबात केवळ जमेची बाजू वाचून दाखवणे मला प्रामाणिक वाटत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी या शाळेत रुजू झाले. सातारा जिल्ह्यातून लग्न होऊन इंदुरात आलेली, एम. ए. झालेली, शुद्धलेखनाविषयी अत्यंत कडक असलेली अशी मी तरुण शिक्षिका होते. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. रोज पहिल्या तासाला मी श्रुतलेखन घेत असे. एके दिवशी ‘केळे’, ‘शेत’, ‘मेघ’ असे शब्द सांगताना मी म्हणाले, “‘क’वर मात्रा द्या.” मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, कौन-सी मात्रा?”

वर्ग हसला. मला वाटले, हा चेष्टा करतो आहे. मी म्हणाले, “मात्रा एकच असते. लक्ष कुठे आहे तुझे?” तो खाली बसला आणि त्याने ‘किळे’ लिहिले. पुढच्या आठवड्यात तेच झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. त्याची वही लाल रेघांनी भरून गेली. शेवटी मी वहीत शेरा दिला : ‘मात्रेच्या फार चुका. घरी सराव घ्यावा.’

त्या मुलाचे वडील मराठी, आई हिंदीभाषक. त्या माउलीने शेरा वाचला आणि मनापासून सराव घेतला. महिनाभर घेतला. मूल आणखीच गोंधळले. वर्ष संपल्यावर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘भाषेची अडचण’. वर्गशिक्षिका म्हणून मी त्यावर सही केली आणि पुढच्या कामाला लागले.

उलगडा झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी, माझ्याच घरी. माझी मुलगी शेजारच्या काकूंकडे खेळता खेळता हिंदी लिहायला शिकत होती. ती येऊन म्हणाली, “आई, काकू म्हणतात ‘कु’ला उ की मात्रा, ‘कि’ला इ की मात्रा. मग तू उकार आणि वेलांटी का म्हणतेस?” मी हातातले काम तसेच टाकून खाली बसले.

मराठीत काना वेगळा, वेलांटी वेगळी, उकार वेगळा. आणि अक्षराच्या डोक्यावरची ती एक तिरकी रेघ तेवढी मात्रा. ‘ए’साठी एक मात्रा, ‘ऐ’साठी दोन, ‘ओ’साठी काना आणि एक मात्रा, ‘औ’साठी काना आणि दोन मात्रा. हिंदीत मात्र ही सर्व चिन्हे मात्राच. आ की मात्रा, इ की मात्रा, ऊ की मात्रा, ए की मात्रा. लिपी तीच, चिन्हे तीच, शब्दही तोच. पण एकीकडे तो एका चिन्हाचे नाव आहे आणि दुसरीकडे साऱ्या कुळाचे. ‘वर’ म्हणावे तर वेलांटीही वरच असते. तेव्हा “कौन-सी मात्रा?” हा त्या वर्गातला सर्वांत नेमका प्रश्न होता. मला तो ऐकू आला, समजला नाही.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. जेथे भेटेल तेथे मी त्याला थांबवून विचारते, तू येथे काय करतोस? त्याने दिलेली काही उत्तरे आज आपल्यापुढे ठेवते.

संस्कृतात ‘मा’ या धातूचा अर्थ मोजणे. त्या एका धातूचा परिवार आपल्या रोजच्या बोलण्यात किती पसरला आहे पाहा. मान, माप, परिमाण, प्रमाण. ज्ञात गोष्टीचा माग काढून अज्ञाताचे माप घ्यायचे ते अनुमान. एका वस्तूजवळ दुसरी ठेवून पाहायची ती उपमा. मापाबरहुकूम घडवलेली ती प्रतिमा. मापून उभे करायचे ते निर्माण. ‘मानसन्मान’मधला मान मात्र या घरचा नव्हे, तो ‘मन्’ धातूचा. भाषाशास्त्रज्ञ असेही मानतात की ग्रीक भाषेतून युरोपभर गेलेला ‘मीटर’ हा शब्द याच दूरच्या कुळातला आहे. कापडाचा मीटर, रिक्षाचा मीटर आणि “ही ओळ मीटरमध्ये बसत नाही” असे आमचे नवे कवी म्हणतात तो मीटर, हे तिन्ही ‘मात्रे’चे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

आपल्या या गावात मराठी आणि हिंदी एका गल्लीत राहतात, त्यामुळे या परिवाराच्या गमती येथे अधिक दिसतात. मराठी आजी म्हणते, “मीठ प्रमाणात घाल.” हिंदीत तेच “उचित मात्रा में” होते. हिंदीत ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा. आपल्याकडे प्रमाण म्हणजे पुरावाही, परिमाणही आणि आदर्शही. ‘प्रमाणभाषा’ म्हणतो ती यातूनच. आपल्या घरची सून शेजारणीला म्हणाली, “साखरेचे प्रमाण जरा जास्त झाले,” तर शेजारीण साखरेचा पुरावा शोधत बसेल.

‘मात्र’ तर त्याहून मौजेचा. हिंदीत ‘मात्र’ म्हणजे केवळ. मराठीत सुटा ‘मात्र’ आला की तो वाक्याला वळण देतो : “सगळे आले, तो मात्र आला नाही.” समासात गेला की त्याचे रूप आणखी पालटते. नाममात्र म्हणजे केवळ नावापुरते. तिळमात्र म्हणजे तिळाएवढेच. रतीमात्र म्हणजे एका गुंजेच्या वजनाएवढे. आठ रतींचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा हिशोब आपल्या सराफ्यातल्या जुन्या पेढ्यांवर अजून कानावर पडतो. पण प्राणिमात्र म्हणजे? केवळ प्राणी नव्हे, तर एकूण एक प्राणी. एकच शब्द ‘एवढेच’ही म्हणतो आणि ‘सगळेच’ही म्हणतो. मापाचे दोन्ही काठ त्याच्याकडे आहेत.

आता स्वयंपाकघरातून औषधाच्या फडताळाकडे वळते. माझी आजी नातवंडांना गुटी द्यायची. सहाण, शेजारी एका पुरचुंडीत वेखंड, मुरडशेंग, मायफळ, जायफळ, सुंठ, बाळहिरडा. चमचा नाही, तराजू नाही. माप वेढ्यांचे. मुरडशेंगेचे दोन वेढे, सुंठेचा एक, जायफळाचा अर्धा. जायफळाचा वेढा जास्त झाला तर मूल दिवसभर पेंगत राही. मूल वाढत जाई तसे वेढे वाढत. थंडीत निराळे, उन्हाळ्यात निराळे, सर्दी असेल तर निराळे. मी तिला एकदा विचारले होते, “आजी, नेमके माप किती?” ती म्हणाली, “मुलाकडे बघायचे, मग उगाळायचे.”

वैद्यांच्या भाषेत औषधाच्या मापाला मात्रा म्हणतात, आणि पुढे त्या औषधालाच मात्रा म्हणू लागले. हेमगर्भाची मात्रा अगदी अखेरच्या क्षणी चाटवायची, म्हणून अखेरच्या उपायाला मराठीत तेच नाव पडले. “त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही”, “ही मात्रा बरोबर लागू पडली” हे वाक्प्रचार वैद्याच्या खलातून थेट आपल्या बोलण्यात आले आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाने ओळखला जातो. माणसाने मात्रेत खावे, हा त्याचा प्रारंभीचाच विषय. पण मात्रा म्हणजे किती, याचे उत्तर देताना तेथे सर्वांसाठी एक वजन सांगितलेले नाही. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्निबलावर ठरते, जे अन्न त्याला बाधा न करता वेळेत पचते ती त्याची मात्रा, असे त्याचे तात्पर्य आहे. माझ्या आजीने चरक वाचला नव्हता. तिच्या “मुलाकडे बघायचे” या दोन शब्दांत आणि त्या अध्यायात मला फारसे अंतर दिसत नाही. परिमाण वस्तूकडे पाहून ठरते. मात्रा घेणाऱ्याकडे पाहून. सत्तावीस वर्षांपूर्वी मी वहीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले नाही. आणि “घरी सराव घ्यावा” म्हणून चुकीच्या औषधाचे वेढे वाढवायला सांगितले.

यानंतर माझ्या विषयाकडे, म्हणजे कवितेकडे येते. मुलांनो, आता तुम्ही सावध व्हा, कारण हा भाग परीक्षेत असतो.

उच्चाराच्या शास्त्रात मात्रा हे काळाचे माप आहे. ऱ्हस्व स्वर उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ म्हणजे एक मात्रा. दीर्घ स्वराच्या दोन. दूरच्या माणसाला हाक मारताना आपण स्वर लांबवतो तो प्लुत, त्याच्या तीन. स्वर नसलेल्या व्यंजनाची अर्धी. घड्याळे नव्हती तेव्हा हे मुलांना कसे शिकवत असतील? पाणिनीय शिक्षेत त्यासाठी पशुपक्षी नेमलेले आहेत. चाष, म्हणजे नीलकंठ पक्षी, एक मात्रा बोलतो. कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. हे वाचले तेव्हा मला त्या अनाम शिक्षकाविषयी फार आदर वाटला. त्याने मोजपट्टी मुलाच्या अंगणातून उचलली होती. वैयाकरणांविषयीची जुनी उक्ती आपण ऐकली असेल : सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माएवढा आनंद होतो. माझ्या लाल रेघा अशा काटकसरीच्या नव्हत्या.

कवितेची ओळ मोजायच्या आपल्याकडे तीन रीती आहेत. ओवी-अभंगासारख्या छंदांत अक्षरांची संख्या मोजतात. अक्षर लघू की गुरू हे पाहत नाहीत, सर्वांना सारखाच मान. अक्षरगणवृत्तांत प्रत्येक जागी लघू हवे की गुरू हवे हे आधीच ठरलेले असते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की वृत्त मोडते. तिसरी रीत मात्रावृत्तांची. तेथे लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि ओळीची बेरीज जुळली पाहिजे. बेरीज सांभाळून आत मोकळीक असते. एका गुरूच्या जागी दोन लघू येऊ शकतात. या शास्त्राची मराठीतली मोठी चिकित्सा माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात केली. त्यांचा जन्म बडोद्याचा, 1894 सालचा. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या माणसाने मराठी कवितेची मोजपट्टी तयार केली, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आणि गेय मराठी कवितेत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते भा. रा. तांबे तर आपल्या या मध्य भारतातलेच, ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी.

लघू-गुरूचे नियम थोडक्यात सांगते. ‘शाळा’ या शब्दाच्या चार मात्रा, ‘कमल’च्या तीन. ‘पत्र’ या शब्दात मात्र ‘प’ ऱ्हस्व असूनही त्याच्या दोन मात्रा धरतात, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. म्हणजे अक्षर स्वतः लहानच असते, शेजारच्याचा भार पेलताना ते गुरू होते. पण प्रत्येक वेळी असे होत नाही. ‘तुम्ही’मधल्या ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. ‘दिव्य’ या शब्दातला ‘दि’ गुरू आणि देवापुढच्या ‘दिव्यात’ या शब्दातला ‘दि’ लघू. लिहिताना दोन्ही सारखे दिसतात. फरक डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतो. यासाठीच मी मुलांना कविता मोठ्याने वाचायला लावते. केवळ डोळ्यांनी केलेली मोजणी येथे फसते.

सात-आठ वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हेच शिकवत होते. फळ्यावर माझीच एक ओळ लिहिली होती, ‘शाळा भरली, घंटा झाली’. आठ आणि आठ अशा सोळा मात्रा. या चालीला मराठीत पादाकुलक म्हणतात. मुले बोटे मोडत मोजत होती आणि कंटाळत होती. एक मुलगी मात्र न मोजता म्हणाली, “बाई, सोळा.” मी विचारले, कसे कळले? ती म्हणाली, “बाई, आमचे दादाजी रोज रामचरितमानस वाचतात. ही ओळ चौपाईवर बसते.” ती मुलगी घरी मालवी बोलते. चौपाईच्या चरणात सोळा मात्रा असतात. घरातली आतली मांडणी वेगळी असेल, पण सोळांची ती चाल तिच्या कानात जन्मापासून होती.

तबला शिकणारा एक मुलगा लगेच म्हणाला, “बाई, तीनतालही सोळा मात्रांचा!” मग काय, बाकांवर ठेके सुरू झाले. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. त्या दिवशी वर्गाला कळले की संगीतातली मात्रा आणि कवितेतली मात्रा ही एकाच काळाची दोन मापे आहेत. मी त्यांना सांगितले की हे गाव उस्ताद अमीर खाँसाहेबांचे आहे. विलंबित झूमऱ्याच्या चौदा मात्रांत दोन मात्रांमधले अंतरही किती भरलेले असू शकते, हे त्यांच्या गाण्यात ऐकावे. आणि खालीची मात्राही सांगितली. त्या जागी टाळी पडत नाही, हात नुसता बाजूला जातो, तरी ती मात्रा मोजली जातेच. ती वगळली तर समेवर येता येत नाही.

पालकहो, त्या मुलीने मला जे शिकवले ते माझ्या बी. एड.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. हिंदी किंवा मालवी घरातून येणारे मूल मराठी शाळेत रिकाम्या हातांनी येत नाही. त्याच्या कानात सोळा मात्रा आधीच वाजत असतात. आपण आपली सोळा त्या सोळांवर ठेवायची असते. तिसरीतला तो मुलगाही असाच भरल्या हातांनी आला होता. त्याच्याजवळ मात्रा होत्या, माझ्यापेक्षा जास्तच होत्या. माझ्याजवळ एकच होती आणि तीच खरी असे मी धरून चालले होते.

आता शाळेविषयी. गेले दोन दिवस माजी विद्यार्थी मला भेटत आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच आहे, “बाई, पट किती आहे हल्ली?” मी लपवणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या काळी पाचवीच्या तीन तुकड्या होत्या. आज एक आहे. मराठी माध्यम टिकेल का, ही चिंता संस्थेच्या प्रत्येक बैठकीत असते, माझ्या प्रत्येक रात्रीतही असते. मराठी घरांतली मुले इंग्रजी माध्यमात जात आहेत आणि आपल्या बाकांवर निम्म्याहून अधिक मुले अशी आहेत की ज्यांच्या घरात आई किंवा वडील, कधी दोघेही, मराठी बोलत नाहीत. काही हितचिंतक मला विचारतात, मग ही शाळा मराठी कशी म्हणायची?

मी त्यांना मोजण्याच्या त्या तीन रीती सांगते. पट मोजणे ही अभंगाची रीत आहे : डोकी मोजायची, सर्व सारखी. ती आवश्यक आहे. तिच्यावर शिक्षकांच्या जागा ठरतात, वर्ग ठरतात. परीक्षा ही अक्षरगणवृत्ताची रीत : ठरलेल्या जागी ठरलेले उत्तर. तीही आवश्यक आहे. पण शाळा या दोन रीतींनीच मोजली तर तिसरीतल्या त्या मुलाचे काय झाले हे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. पटावर एक कमी, एवढीच त्याची नोंद. तिसरी रीत मात्रावृत्ताची. वर्षअखेर बेरीज जुळली पाहिजे. मुलाला मराठी वाचता, लिहिता, बोलता, तिच्यात विचार करता आले पाहिजे. त्यात सूट नाही. मात्र ती बेरीज कोणी गुरूने भरील, कोणी दोन लघूंनी भरील. कोणी आजीच्या ओव्यांतून येईल, कोणी दादाजींच्या चौपाईतून. या रीतीने मोजले तर ही शाळा पूर्वी होती तेवढीच मराठी आहे. कदाचित तिला मराठी असण्यासाठी आज अधिक कष्ट पडतात, एवढाच फरक.

गुरू या शब्दाचाही मी याच संदर्भात विचार करते. शिक्षकाला आपण गुरू म्हणतो तेव्हा थोरवी मनात असते. छंदःशास्त्रात गुरू म्हणजे जो दोन मात्रांचा वेळ घेतो, तो. लघूला एक मात्रा पुरते, गुरूला दुप्पट वेळ लागतो. “कौन-सी मात्रा?” असे त्या मुलाने विचारले तेव्हा मी आणखी एक मात्रा थांबले असते, “तुला कोणकोणत्या ठाऊक आहेत?” एवढे विचारले असते, तर उत्तर त्याच्या तोंडून तेव्हाच मिळाले असते. वर्गात पुढे जाण्याची घाई होती. अभ्यासक्रम पूर्ण करायचा होता. तो पूर्ण झालाही.

आज आपल्या पहिलीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर प्रत्येक चिन्हाची दोन नावे आहेत : ‘काना – आ की मात्रा’, ‘पहिली वेलांटी – छोटी इ की मात्रा’, ‘पहिला उकार – छोटे उ की मात्रा’. जूनमध्ये पहिले पंधरा दिवस दोन्ही नावे घेतली जातात, मग हळूहळू मराठी नावे उरतात. तक्ता साधा आहे, बाजारात मिळत नाही, आमच्या कलाशिक्षकांनी हाताने काढला आहे. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर पाहावा. आजवर त्याबद्दल कोणी विचारले तर “मुलांच्या सोयीसाठी” असे मी सांगत आले. तो कोणामुळे भिंतीवर आला, हे आज प्रथमच जाहीरपणे सांगते आहे.

तो मुलगा आता पस्तिशीचा असेल. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण त्याने ही शाळा पूर्ण केली नाही. तो या सभागृहात असण्याचा संभव नाही. तरीही हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे आणि छापलेला कागद कोठे जाईल सांगता येत नाही. म्हणून लिहून ठेवते : तुझा प्रश्न बरोबर होता. चूक बाईंची होती.

शेवटी माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे. देणगीचे आवाहन अध्यक्ष करतीलच. ते माझे काम नाही. मला तुमचा वेळ हवा आहे, आणि तोही मात्रेतच. दर शनिवारी शेवटचा तास आम्ही वाचनाचा ठेवला आहे. जे गावात आहेत त्यांनी महिन्यातून एक शनिवार यावे, चार-पाच मुलांना घेऊन बसावे आणि मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या मुलांच्या घरी मराठी बोलले जात नाही त्यांच्या कानावर शिक्षकांखेरीज आणखी कोणाची तरी मराठी पडली पाहिजे. दूर असणाऱ्यांनी आपल्या आवाजात एखादी गोष्ट ध्वनिमुद्रित करून पाठवावी. उच्चार अगदी शुद्धच हवेत असे नाही, जिवंत हवेत. आणि हिंदीभाषक पालकांना माझी विनंती, आपल्या घरची चौपाई, आपले दोहे, आपली मालवी गाणी थांबवू नका. “मुलाची मराठी बिघडेल” असे कोणी सांगितले, अगदी शाळेतल्या बाईंनी सांगितले तरी ऐकू नका. त्या तालावरच तर आम्हाला आमची ओळ बसवायची आहे.

मांडूक्य उपनिषदात ॐकाराच्या तीन मात्रा सांगितल्या आहेत आणि चौथ्याला ‘अमात्र’ म्हटले आहे, जे कोणत्याही मापात येत नाही. एवढ्या थोर विचारावर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. साठ वर्षांचे पट, निकाल आणि जमाखर्च आज आपल्यापुढे मांडले गेले, ते शाळेचे मोजता येणारे भाग आहेत. आपण सर्व कामधंदे बाजूला ठेवून इतक्या दुरून आज येथे आलात. त्याचा रकाना आमच्या अहवालात नाही.

माझा तास संपला. घंटा होण्यापूर्वी संपला, हे मुलांनी लक्षात घ्यावे.